ट्रॅक्टरला उसाची डबल ट्रॉली जोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांची धुराडी पेटली, की कराड, वाळवा, पलूस, कोरेगाव या पट्ट्यातला प्रत्येक रस्ता मार्च-एप्रिलपर्यंत उसाचा होतो. पुढे पन्नास एचपीचा ट्रॅक्टर, मागे एकामागे एक दोन भरलेल्या ट्रॉल्या. ट्रॅक्टरमालक, ड्रायव्हर आणि ज्यांचा ऊस जातो ते शेतकरी जे प्रश्न सतत विचारतात, त्यांची उत्तरे इथे दिली आहेत. शेवटचा प्रश्न मोटरसायकलवाल्यांचा आहे, कारण रस्ता त्यांचाही आहे.

माझा ट्रॅक्टर दोन्ही ट्रॉल्या आरामात ओढतो. मग काळजी कशाची?

ओढण्याची काळजी नाहीच. आजचा ४५-५० एचपीचा ट्रॅक्टर खालच्या गिअरमध्ये सपाट रस्त्यावर वीस-बावीस टन सहज हलवतो. प्रश्न थांबवण्याचा आहे. इंजिनाची ताकद गिअरमुळे कितीतरी पटींनी वाढते, ब्रेकची वाढत नाही. ब्रेक टायरच्या पकडीवर चालतो, पकड टायरवर पडणाऱ्या वजनावर अवलंबून असते, आणि आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतो. ट्रॉल्यांना तर बहुधा नसतोच. म्हणजे सगळे ओझे थांबवण्याची जबाबदारी दोन टायरांच्या जमिनीला टेकलेल्या दोन ठिपक्यांवर येते.

शोरूममध्ये एचपी सांगतात, लिफ्टची क्षमता सांगतात. मागे ब्रेक नसलेली ट्रॉली असेल तर हा ट्रॅक्टर किती वजन सुरक्षित थांबवेल, हे विचारा. हा आकडा कंपनीच्या पुस्तिकेत शोधा आणि तिथे दिलेल्या वजनाच्या वर जाऊ नका.

थांबायला नेमके किती अंतर लागते?

हिशेब मांडून पाहू. ट्रॅक्टरचे वजन २.२ टन, दोन ट्रॉल्यांचे रिकामे वजन मिळून ४ टन, ऊस १८ टन. एकूण सुमारे २४ टन. ट्रॉल्या चार चाकी धरू, म्हणजे त्यांचा भार ट्रॅक्टरवर येत नाही. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर साधारण १,४०० किलो वजन. कोरड्या डांबरावर त्यातून फार तर १,००० किलोचा ब्रेक मिळतो, त्याहून जोरात दाबला तर चाके नुसती घसरतात. सगळ्या टायरांचा मिळून रोध आणखी ३५० किलोच्या आसपास धरा.

एवढ्यावर ताशी २० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी थांबायला २८ मीटर लागतात, ३० च्या वेगाला ६३ मीटर आणि ४० च्या वेगाला ११२ मीटर. समोरचे पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद यात धरलेला नाही. ३० च्या वेगाला त्या सेकंदातच ८ मीटर जातात. त्याच ट्रॅक्टरला ९ टन उसाची एकच ट्रॉली असेल, तर ३० च्या वेगाला सुमारे ४० मीटरमध्ये काम होते.

हे सगळे सपाट, कोरड्या, स्वच्छ रस्त्यावर आणि ब्रेक नव्यासारखे असताना. शेतातून आलेल्या टायरांनी रस्त्यावर चिखल सांडलेला असतो, कारखान्याच्या फाट्यावर मळी नाहीतर डिझेल सांडलेले असते. तिथे पकड निम्म्यावर येते. शाळा सुटण्याच्या वेळी गावातून जाताना ११२ मीटरचा आकडा डोक्यात ठेवा. उसाच्या डबल ट्रॉलीने ताशी ४० चा वेग गाठावा असे एकही कारण माझ्या ओळखीचे नाही.

सुर्ली घाट, वर्धनगड घाट अशा ठिकाणी भरलेली डबल ट्रॉली उतरवावी का?

नाही. यावर मला बरेच बोलायचे आहे, कारण सर्वांत वाईट अपघात उतारावरच होतात.

वरचाच हिशेब पुढे नेऊ. २० मीटरला १ मीटर उतरणारा रस्ता घाटात नेहमीचा असतो. अशा उतारावर २४ टनांची गाडी स्वतःच्या वजनाने १,२०० किलोच्या जोराने खाली ओढली जाते. टायरांचा रोध वजा केला तरी ८५० किलो उरतात. तुमच्याकडे ब्रेक आहे १,००० किलोचा, तोही पूर्ण क्षमतेने लागला तर. हातात उरतात १५० किलो. एवढ्यावर ताशी २० चा वेग शून्यावर आणायला अडीचशे मीटर लागतात. घाटात अडीचशे मीटर सरळ रस्ता क्वचितच मिळतो. त्यात रस्ता ओला असला, की हिशेब उलटा होतो: ब्रेक पूर्ण दाबलेला असतो आणि वेग वाढतच असतो.

लोक म्हणतात, "गिअरवर उतरवतो, इंजिन धरून ठेवते." गिअरवरच उतरायचे, यात वाद नाही. पण इंजिनाचा ब्रेकसुद्धा त्याच दोन मागच्या टायरांतून रस्त्यापर्यंत पोहोचतो. इंजिनाने ब्रेक तापत नाहीत, वेग हातात राहतो, पण टायरची पकड वाढत नाही. पकड सुटली की इंजिन आणि ब्रेक दोन्ही एकदमच हातचे जातात. मग ट्रॉल्या ट्रॅक्टरला ढकलायला लागतात, आणि वळणावर असाल तर ट्रॅक्टरचा मागचा भाग बाजूला सारतात. ट्रॅक्टर ट्रॉलीच्या अंगावर दुमडतो. तिथून स्टिअरिंग काहीही करू शकत नाही.

म्हणून घाटमाथ्यावर एक ट्रॉली सोडा, दुसरी उतरवा, परत येऊन पहिली न्या. वेळ जातो, डिझेल जाते. तेवढे पैसे वाचवायला त्या उतारावर जीव धोक्यात घालू नका. दुसरा रस्ता लांबचा पण सपाट असेल, तर तो घ्या.

एकच ट्रॉली असली तरी उतार कसा उतरायचा?

उतार सुरू होण्याआधी थांबा. हाताचा अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण बंद आहे ना ते पाहा, कारण तो थोडा ओढलेला राहिला तर इंजिन गाडी धरण्याऐवजी पळवते. हाच उतार चढताना जो गिअर लागला असता तो, किंवा त्याच्या खालचा टाका. मग पूर्ण उतरेपर्यंत क्लचला पाय लावायचा नाही. बऱ्याच ट्रॅक्टरचा गिअर चालत्या गाडीत परत पडत नाही. क्लच दाबला, गिअर निघाला आणि परत बसला नाही, की गाडी मोकळी सुटलीच.

ब्रेक सतत दाबून धरू नका. वेग वाढला की ठामपणे दाबा, वेग उतरला की सोडा. पाय ठेवून बसलात तर ब्रेकचे लायनर तापतात आणि खरी गरज लागते तेव्हा ब्रेक लागत नाही.

उतारावर न्यूट्रल केले की डिझेल वाचते, हे खरे का?

वाचते किती, तर चमचाभर. त्यासाठी इंजिनाचा सगळा ब्रेक सोडून द्यायचा? तुमचा ड्रायव्हर असे करत असेल तर आजच बंद करायला सांगा. ऐकत नसेल तर ड्रायव्हर बदला.

ब्रेकची दोन पेडल एकत्र जोडावीत का?

रस्त्यावर कायम. शेतात जागेवर वळायला डावा-उजवा ब्रेक वेगळा लागतो, म्हणून पेडल दोन असतात. रस्त्यावर एकच पेडल दाबले गेले तर एकच चाक धरते आणि भरलेली ट्रॉली मागे असताना ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो. शेतातून डांबरावर आलात की खाली वाकून पट्टी अडकवा. डिफरन्शियल लॉकही (मागची दोन्ही चाके एकत्र फिरवणारा) तेव्हाच काढलेला आहे ना ते बघा.

जोडलेली पेडल दाबल्यावर दोन्ही चाके सारखी धरतात का, हे महिन्यातून एकदा मोकळ्या मैदानात, ट्रॉली न लावता तपासा. ट्रॅक्टर एका बाजूला ओढत असेल तर ब्रेक जुळवून घ्या.

ट्रॉलीला ब्रेक बसवता येतो का?

येतो, आणि या सगळ्या पानावरचा सर्वांत कामाचा खर्च तोच आहे. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर किंवा हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक ट्रॉलीच्या धुऱ्यावर, म्हणजे ॲक्सलवर, बसतात. भरलेल्या ट्रॉलीच्या चाकांवर १०-११ टन वजन असते, म्हणजे पकड ट्रॅक्टरपेक्षा कितीतरी जास्त. ती आज आपण नुसती वाया घालवतो. दोन्ही ट्रॉल्यांना ब्रेक असतील तर वरचे ६३ मीटर अर्ध्याहूनही कमी होतात.

जुळवणी करताना एक लक्षात ठेवा: ट्रॉलीचा ब्रेक ट्रॅक्टरच्या क्षणभर आधी लागला पाहिजे, म्हणजे ट्रॉली मागून ताणून धरते, पुढे ढकलत नाही. मागच्या ट्रॉलीचा ब्रेक सर्वांत आधी. फक्त एकाच ट्रॉलीला बसवणे परवडत असेल तर मागच्या ट्रॉलीला बसवा, म्हणजे गाडी ताणलेली राहते.

हुक आणि पिन कधी बदलायची?

पिन हातात काढून घ्या, उजेडात धरा. वरून आणि खालून काळी, गंजलेली असते, आणि मधे जिथे हुक घासतो तिथे चकचकीत. त्या चकचकीत भागावरून बोट फिरवा. खळगा बोटाला लागला तर कॅलिपरने मोजा. मूळ जाडीच्या दहाव्या भागाएवढी झीज झाली असेल तर ती पिन टाकून द्या, दुसऱ्या ट्रॉलीला लावायला ठेवू नका. नाहीतर पुढच्या हंगामात कुणीतरी उचलून लावतेच. हुकाचे भोकही असेच पाहा. ते लांबट झाले असेल तर दर धक्क्याला पिनेवर हातोडा बसल्यासारखा मार पडतो. वेल्डिंगच्या कडेने केसासारखी रेघ दिसली तर तिथे रंग खरवडून बघा. रेघ खाली लोखंडातही असेल तर ती चीर आहे. चिरेवर वरून नुसता टाका मारून चालत नाही. तो भाग कापून नवा लावावा लागतो.

पिनेऐवजी सळईचा तुकडा किंवा साधा नट-बोल्ट लावलेला मी फार ठिकाणी पाहतो. पिन खालून निघू नये म्हणून लावायची क्लिप हरवते आणि तिच्या जागी बांधणीची तार येते. क्लिप पंचवीस-तीस रुपयांत मिळते. चार जास्तीच्या घेऊन टूलबॉक्समध्ये टाका.

शिवाय सुरक्षा साखळी. ट्रॅक्टर आणि पहिली ट्रॉली, पहिली आणि दुसरी ट्रॉली, दोन्ही ठिकाणी. साखळ्या ट्रॉलीच्या हुकाच्या दांड्याखालून एकमेकींना छेद देऊन बांधा, म्हणजे हुक निसटला तर दांडा रस्त्यात रुतत नाही, साखळीवर पडतो. साखळी वळणाला पुरेल एवढीच सैल ठेवा.

ट्रॉली कुठे जोडायची? वरच्या भोकात जोडली तर पकड चांगली मिळते असे सांगतात.

ट्रॅक्टरच्या मागच्या ॲक्सलच्या पातळीच्या खाली, कंपनीने ज्या हुकासाठी जागा दिली आहे तिथेच. वर जोडले की ओढ ट्रॅक्टरला मागे उलटवायला लागते. पुढची चाके उचलली गेल्यापासून ट्रॅक्टर चालकावर पालथा पडायला दीड सेकंदही लागत नाही. तेवढ्यात क्लच दाबायचे भान कुणालाच राहत नाही. नांगराच्या वरच्या लिंकला किंवा ॲक्सललाच साखळी गुंडाळून ओढणे, हा पाणंदीत रुतलेली ट्रॉली काढताना हमखास घडणारा प्रकार आहे आणि माणसे त्यातच जातात.

एक चाकजोडीच्या ट्रॉलीत पुढे जास्त ऊस भरला तरी हुकावर भार पडून पुढची चाके हलकी होतात. ट्रॅक्टरच्या एकूण वजनाचा पाचवा भाग तरी पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे, नाहीतर स्टिअरिंग फिरते पण ट्रॅक्टर वळत नाही. पुढे वजनाच्या पाट्या लावा. मागच्या टायरात पाणी भरूनही पकड वाढते. व्हॉल्व्ह वर ठेवून तिथपर्यंत भरले की टायर तीन चतुर्थांश भरतो. तेवढेच पुरे.

चालकाच्या मागे मजबूत सुरक्षा चौकट आणि सीटला पट्टा असेल तर ट्रॅक्टर उलटला तरी जीव वाचतो. वरचे छत म्हणजे चौकट नव्हे. ते फक्त ऊन अडवते.

फडातून ट्रॉली निघत नाही. दोन ट्रॅक्टरने टोचन लावून काढली तर?

काढा, पण एकेक ट्रॉली. काळ्या मातीच्या रानात दोन्ही जोडून ओढण्याचा हट्ट नको. रस्त्यावर आणून मग जोडा. टोचनाची वायर दोन्ही ट्रॅक्टरच्या खालच्या हुकालाच लावा, ताण हळूहळू द्या, झटका देऊ नका. वायर तुटली की ती चाबकासारखी मागे येते, म्हणून वायरीच्या लांबीच्या दीडपट अंतरात कुणी उभे राहू नये. ऊसतोड टोळीतली पोरे बघायला जमतात. त्यांना आधी बांधापलीकडे घालवा.

भरताना काय पाहावे?

उंची. ट्रॉली जेवढी उंच तेवढी ती सहज उलटते. उसाच्या मोळ्या दोन्ही बाजूंना सारख्या लावा, वर निमुळते करत आणा, दोर किंवा साखळी मधे आणि दोन्ही टोकांना आवळा. पाच-सात किलोमीटर गेल्यावर ऊस बसतो आणि दोर सैल पडतो. तिथे एकदा थांबून पुन्हा आवळा.

दोन ट्रॉल्यांपैकी जड ट्रॉली पुढे, हलकी मागे. उलटे केले तर मागची पुढचीला हलवत राहते.

चाक साईडपट्टीवरून खाली उतरले, तर घाबरून स्टिअरिंग ओढू नका. वेग कमी करा, सरळ चालत राहा आणि जिथे डांबर आणि साईडपट्टी एका पातळीत येतील तिथे हळू वर घ्या. उंच भरलेल्या ट्रॉल्या बहुधा साईडपट्टीवर उलटत नाहीत, परत वर येताना उलटतात.

मागची ट्रॉली झोलते. काय करू?

अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, ब्रेक एकदम मारू नका. वेग उतरला की झोल थांबतो. मग बाजूला घेऊन कारण शोधा. हुकात ढिलाई आहे, एखाद्या टायरात हवा कमी आहे, चाकाचे बेअरिंग खेळतेय, नाहीतर एक चाकजोडीच्या ट्रॉलीत सगळा ऊस मागे भरला आहे. भार धुऱ्याच्या जरा पुढे असला पाहिजे. झोल येतो तो वेग तुमच्या गाडीसाठी जास्त आहे, हे मात्र कारण सापडले तरी खरेच राहते.

टायरात हवा किती?

ट्रॉलीच्या टायरवर जास्तीत जास्त भार आणि त्यासाठीचा दाब छापलेला असतो. तो पाहा. भार चार टायरांत वाटून हिशेब करा. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात शेतात ठेवता त्यापेक्षा रस्त्याला जास्त हवा लागते. आकडा पुस्तिकेत आहे. गुळगुळीत झालेले जुने ट्रकचे टायर ट्रॉलीला लावायची पद्धत आहे. तळाचे कापड दिसायला लागलेला टायर तरी लावू नका.

डबल ट्रॉली मागे कशी घ्यायची?

घेऊ नका. कारखान्याच्या यार्डात किंवा अरुंद पाणंदीत वेळ आलीच तर मागची ट्रॉली सोडा आणि एकेक घ्या. मागे माणूस उभा करा, पण तो चालकाला दिसेल अशा बाजूला. दिसेनासा झाला की थांबायचे. ट्रॉली सोडण्याआधी तिच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळा लावा, मगच पिन काढा.

रात्री काय काय लागते?

मागच्या ट्रॉलीच्या मागे चालू लाल दिवे आणि इंडिकेटर. ट्रॅक्टरला त्यासाठी सात पिनांचे सॉकेट असते. वायर पहिल्या ट्रॉलीवरून दुसरीपर्यंत न्या, लोंबकळू देऊ नका. रिफ्लेक्टरची पट्टी पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. बाजूची पट्टी लोक विसरतात आणि ट्रॉली फाट्यावर आडवी वळत असताना मोटरसायकलवाल्याला ती बाजूच तेवढी दिसायची असते.

पट्टी लावली आहे यावर समाधान मानू नका. अंधारात मागे पन्नास पावले जाऊन मोबाइलचा टॉर्च कपाळाजवळ धरून तिच्यावर मारा. चिखल, धूळ आणि लोंबणारे वाडे (उसाचे हिरवे शेंडे) यांच्याखाली पट्टी झाकलेली असते. रिफ्लेक्टर शिवलेले मोठे कापड मागे बांधणे सर्वांत चांगले, कारण ते भरलेल्या उसावरून टाकता येते. प्रत्येक खेपेला एका फडक्याने पुसा. दोन मिनिटांचे काम आहे.

रस्त्यात पंक्चर झाले तर?

पूर्ण रस्त्याबाहेर घेता आले तर घ्या, मग रिम खराब झाली तरी चालेल. नाहीच जमले तर मागे निदान पन्नास मीटरवर रिफ्लेक्टरचा त्रिकोण ठेवा, दिवे चालू ठेवा, एक माणूस बॅटरी घेऊन उभा करा. अंधारात न दिसणाऱ्या थांबलेल्या ट्रॉलीवर मागून आदळून दरवर्षी तरणी पोरे मरतात. दगड मांडून ठेवता, ते निघताना उचला. ट्रॉली गेल्यावर रस्त्यात राहिलेले दगड दुसऱ्याचा जीव घेतात.

ट्रॅक्टरवर मोठ्याने गाणी लावण्यात गैर काय?

मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही. मागच्या ट्रॉलीचा टायर फुटलेला कळत नाही. दुसऱ्या ट्रॉलीची पिन निघाली तर "थांब, थांब" म्हणून ओरडणारा माणूस ऐकू येत नाही. गाणी यार्डात ऊस उतरवायचा नंबर लागेपर्यंत ऐका.

टोळीतल्या माणसांना ट्रॉलीवर बसवून न्यावे लागते. पर्याय काय?

बीड, जालन्याकडून येणाऱ्या टोळ्या संसारासकट ट्रॉलीतून येतात, आणि रात्री भरलेल्या उसावर बसून खोपीवर परततात. बायका, कडेवर लेकरे. त्यांना दुसरे वाहन कुणी देत नाही, हेच या धंद्यातले सर्वांत मोठे चुकते आहे. मुकादम, ट्रॅक्टरमालक आणि ऊस ज्याचा आहे तो शेतकरी यांनी मिळून एखादी जीप ठरवली तर खर्च वाटून अगदी थोडा येतो. भरलेल्या उसावर, हुकाच्या दांड्यावर आणि मडगार्डवर कुणालाही बसू देऊ नका. दांड्यावर बसलेला माणूस निसटला की थेट ट्रॉलीच्या चाकाखाली जातो. चालकाला ते कळतही नाही.

विजेच्या तारा?

फडातून निघतानाच पाहा. लोंबणाऱ्या तारेखालून उंच भरलेली ट्रॉली न्यायची नाही, काठीने तार उचलायची नाही. महावितरणला कळवून तार ताणून घ्या. ट्रॉली तारेला लागलीच तर चालकाने ट्रॅक्टरवरच बसून राहावे आणि कुणी ट्रॅक्टरला हात लावू नये. आग लागून उतरावेच लागले, तर दोन्ही पाय जुळवून लांब उडी मारावी. ट्रॅक्टर आणि जमिनीला एकाच वेळी स्पर्श होता कामा नये.

यार्डात रात्रभर नंबर लागत नाही आणि सकाळी परत खेप. झोप कधी?

नंबरच्या रांगेत आळीपाळीने झोपा. हंगामात दोन चालक ठेवा. एकच असेल तर पहाटे तीन ते सहा गाडी चालवू नका. झापड येते ती नेमकी याच वेळेत. चहा, तंबाखू, गार पाणी यांनी झोप जात नाही. बाजूला घेऊन अर्धा तास पडल्यानेच थोडी जाते. दारू पिऊन ट्रॅक्टरवर बसणाऱ्याला तर चावी देऊच नका.

कागदपत्रे कोणती लागतात?

ट्रॅक्टरची नोंदणी आणि विमा, तसेच ट्रॉलीची वेगळी नोंदणी आणि विमा, चालकाचा परवाना. सातारा, कराड किंवा सांगली, जिथली नोंदणी असेल तिथल्या आरटीओकडून ती वेळच्या वेळी करून घ्या. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामासाठी असतो आणि आपण दुसऱ्याचा ऊस भाड्याने ओढतो. अपघातानंतर वाद इथेच उभा राहतो. पॉलिसीत काय लिहिले आहे ते एजंटाकडून लेखी घ्या आणि ट्रॉलीचा क्रमांक त्यात आहे ना हे स्वतः वाचा.

नोंदणीत लिहिलेल्या वजनापेक्षा जास्त भरल्यास मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १९४ मध्ये २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने आली. माल ट्रॉलीच्या बाजूंच्या, मागच्या किंवा उंचीच्या मर्यादेबाहेर गेला तर त्यासाठीही २०,००० रुपये आहेत. कारखान्याच्या वजनकाट्याची पावती हा तुमच्याविरुद्धचा लेखी पुरावा असतो, हे विसरू नका.

हे सगळे खरे, पण खेपा कमी झाल्या तर हप्ता कसा फेडायचा?

हा प्रश्न मी बाजूला टाकत नाही. वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात, ट्रॅक्टरचा हप्ता बँकेला ठरल्या तारखेला लागतो, टोळीला दिलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, वसूल व्हायची असते. म्हणूनच एका खेपेत जास्त भरायचे आणि जोरात पळवायचे. पण वेगाचा हिशेब करून बघा. कारखाना १५ किलोमीटरवर असेल, तर ३० ऐवजी २० च्या वेगाने गेल्यास एका खेपेला १५ मिनिटे जास्त लागतात. यार्डात रांगेत जातात ते तास त्याच्या कितीतरी पट आहेत. खेपा वाढवायच्या असतील तर तोडीचे आणि नंबरचे वेळापत्रक नीट लावून द्या म्हणून कारखान्याच्या शेती खात्याच्या मागे लागा, ट्रॅक्टरमालकांनी मिळून लागा. कारखान्याने करारातच ट्रॉलीला ब्रेकची अट घालावी, त्यासाठी उचल द्यावी आणि वाहतूक बिलातून हप्त्याने कापून घ्यावी, ही मागणी सभेत मांडायला काहीच हरकत नाही. सभासद तुम्हीच आहात.

मी मोटरसायकलवर असतो. ट्रॉलीला ओव्हरटेक कसे करायचे?

पेठ नाका ते सांगली रस्त्यावर किंवा कराड-विटा रस्त्यावर हंगामात रात्री निघालात तर वेग असा ठेवा, की हेडलाइटच्या उजेडात दिसेल तेवढ्या अंतरात थांबता येईल. ट्रॉलीच्या मागे अगदी चिकटून चालू नका, वरून मोळी निसटते. पुढे दोन ट्रॉल्या आहेत हे धरूनच ओव्हरटेकचे अंतर मोजा. मागून एकच दिसते, बाजूला गेल्यावर दुसरी दिसते, आणि तोवर समोरून गाडी आलेली असते. डाव्या बाजूने कधीच घुसू नका. ट्रॉल्या वळताना आतल्या बाजूला कापत जातात. ट्रॅक्टरच्या चाकांना मोकळा मिळालेला कोपरा दुसऱ्या ट्रॉलीच्या चाकाखाली येतो. फाट्यावर ट्रॅक्टर उजवीकडे सरकताना दिसला, तर तो तुम्हाला वाट देत नसून डावीकडे वळायला जागा घेत असेल. थांबा, दोन्ही ट्रॉल्या पूर्ण वळू द्या, मग निघा.